सत्तासमतोल: आधी वाक्यातले क्रियापद पाहा

प्रश्न असा आहे: एका पाठ्यपुस्तकात सत्तासमतोल म्हणजे राष्ट्रांचे बळ सारखे असणे, असे दिले आहे. दुसऱ्यात तो परराष्ट्र धोरणाचा एक प्रकार म्हणून येतो, तिसऱ्यात राष्ट्रांच्या व्यवहारात आपोआप चालणारा नियम म्हणून. वर्तमानपत्रात मात्र 'आशियातला सत्तासमतोल अमक्याच्या बाजूने झुकला' असे छापून येते. यांतला खरा अर्थ कोणता, आणि उत्तर लिहिताना कोणता धरायचा?

चारही अर्थ खरे आहेत, चारही जुने आहेत. अभ्यासकांनी त्यांची मोजदादही केली आहे. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी चार अर्थ सांगितले. अर्न्स्ट हास यांनी १९५३ मध्ये आठ काढले, मार्टिन वाइट यांनी १९६६ मध्ये नऊ. इनिस क्लॉड यांनी १९६२ मध्ये सगळे आवळून तीन गठ्ठ्यांत बांधले: परिस्थिती, धोरण आणि व्यवस्था. आकडे जुळत नाहीत, कारण कोण किती बारीक चिरतो यावर ते ठरतात. म्हणून नऊच्या नऊ अर्थ पाठ करण्यात फारसा लाभ नाही. अर्थ अनेक असल्यामुळे घोटाळा होतच नाही मुळी. लिहिणारा एकाच युक्तिवादात एका अर्थावरून दुसऱ्यावर सरकतो, कधी नकळत आणि कधी अगदी कळूनसवरून, तेव्हा तो होतो. ते सरकणे पकडता आले की निम्मे काम झाले.

ते पकडायची सोपी खूण म्हणजे वाक्यातले क्रियापद. मराठीत ही खूण विशेष चांगली चालते. 'समतोल आहे', 'समतोल बिघडला' असे असेल तर परिस्थितीचे वर्णन चालले आहे. 'समतोल राखला', 'समतोल साधायचा' असे असेल तर कुणीतरी कर्ता आहे आणि तो धोरण आखतो आहे. 'समतोल आपोआप साधला जातो' यात कर्ता गायब होतो आणि नियम शिल्लक राहतो, म्हणजे ही व्यवस्था झाली. 'समतोल आमच्याकडे आहे' किंवा 'आमच्या बाजूने आहे' असे कुणी म्हणाले, तर त्याला बरोबरी अभिप्रेत नसून वरचष्मा अभिप्रेत आहे. आणि 'समतोल इंग्लंडच्या हाती होता' यात तराजू धरणारा तिसरा माणूस आहे, जो कोणत्याच पारड्यात बसलेला नाही.

हा सगळा गुंता तराजूच्या प्रतिमेतच आहे. दोन पारड्यांचा तराजू म्हटला की त्यात दोन पारडी असतात, मधला काटा असतो, दांडी धरणारा हात असतो आणि पारडी सारखी करायला टाकलेला पासंगही असतो. एका शब्दाने यांतले कोणतेही अंग दाखवता येते. पंधराव्या शतकात इटलीत मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, नेपल्स आणि पोपचे राज्य या पाच सत्तांनी १४५४ च्या लोदीच्या तहानंतर एकमेकांना डोईजड होऊ न देण्याचा जो खेळ मांडला, त्याचे वर्णन करताना तिथल्या लेखकांनी तराजूचीच उपमा वापरली. इंग्रजीत तराजूचा 'बॅलन्स' हा शब्द हिशेबाच्या वहीतही गेला. आपण मराठीत तो दोन्ही अर्थांनी उचललाच आहे: 'सायकलचा बॅलन्स गेला' यात समतोल आहे, तर 'खात्यात बॅलन्स किती?' यात शिल्लक आहे. खात्यातला बॅलन्स शून्य असावा असे कुणालाच वाटत नाही. राजकारण्यांनाही सत्तेच्या खात्यात थोडी शिल्लक हवीच असते, आणि ती ते समतोल याच नावाने मागतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे सप्टेंबर २००२ चे राष्ट्रीय सुरक्षा धोरण. मानवी स्वातंत्र्याला अनुकूल असा सत्तासमतोल निर्माण करणे, असे उद्दिष्ट त्यात लिहिले आहे. बरोबरीचा अर्थ धरला तर हे वाक्य उभेच राहत नाही, कारण पारडी सारखी असतील तर ती कुणाला अनुकूल नसतात. पण 'समतोल' काढून तिथे 'वरचष्मा' ठेवला की वाक्य एकदम स्वच्छ होते. त्याच दस्तऐवजात कोणत्याही प्रतिस्पर्ध्याने लष्करी बळात अमेरिकेची बरोबरी करू नये, असाही आशय आहे, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

जुने उदाहरण ब्रिटनचे. युरोप खंडात कोणी एक सत्ता शिरजोर होऊ नये म्हणून ब्रिटन सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कमकुवत बाजूला उभा राहत आला. युरोपातला सत्तासमतोल टिकवणे हे उद्दिष्ट ब्रिटिश सैन्याच्या वार्षिक कायद्याच्या प्रास्ताविकातही १८६० च्या दशकापर्यंत लिहिलेले असे. समुद्रावर मात्र हेच राष्ट्र समतोलाचे नावही काढत नव्हते. १८८९ च्या नौदल कायद्याने असा दंडक घातला की ब्रिटनचे आरमार पुढच्या दोन सर्वांत मोठ्या आरमारांच्या बेरजेइतके तरी असलेच पाहिजे. जमिनीवर इतरांची एकमेकांशी बरोबरी आणि पाण्यावर आपला वरचष्मा, ही दोन्ही कलमे मिळून ब्रिटनचे तराजू धरणे बनले होते. आरमार होते म्हणूनच तो तराजूच्या बाहेर सुरक्षित उभा राहू शकत होता. 'तराजू धरणारा' होण्याच्या अटी त्यातून दिसतात: त्या प्रदेशात स्वतःच्या मुलुखाची हाव नसावी, बाजू बदलण्याची मोकळीक असावी, आणि ज्या पारड्यात आपण उतरू ते खाली जाईल इतके वजन अंगात असावे. यांतली एक अट जरी तुटली तरी तो तराजू धरणारा राहत नाही, नुसता एका बाजूचा मित्र होतो. १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी समझोता केल्यावर ब्रिटनचे हळूहळू तेच झाले.

धोरण आणि नियम यांची गल्लत कशी होते, तेही याच काळात दिसते. ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील आयर क्रो यांनी १ जानेवारी १९०७ च्या टिपणात मांडले की वर्चस्व मिळवू पाहणाऱ्या कोणत्याही एका सत्तेला इंग्लंडने केलेला विरोध जवळपास निसर्गनियमासारखा झाला आहे. तो विरोध माणसांनी दर वेळी विचार करून, खजिना मोजून, संसदेत भांडून केलेला होता. त्याला निसर्गनियम म्हटले की पुढचा निर्णय आधीच झाल्यासारखा वाटतो आणि वाद घालण्याची जागाच संपते. अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये व्यवस्थेचा अर्थ सर्वांत काटेकोर मांडला. वर कोणी सरकार नसलेल्या जगात राष्ट्रांना फक्त तगून राहायचे असले तरी समतोल पुन्हा पुन्हा तयार होतो, मग तो कुणाला हवा असो वा नसो, असे त्यांचे म्हणणे. हा सिद्धांत मानणाऱ्याने 'म्हणून आपण समतोल साधला पाहिजे' असे म्हणताना थांबून विचार करावा. जे आपोआप होणार त्याच्यासाठी आवाहन कशाला?

आता एक प्रसंग जवळून पाहू. हे सगळे अर्थ एका दशकात, आपल्याच मुलुखात, एकापाठोपाठ वापरले गेले. १७९० मध्ये ईस्ट इंडिया कंपनी, पेशवे आणि निजाम यांनी म्हैसूरच्या टिपूविरुद्ध तह केले. पुण्यात नाना फडणवीस आणि कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट यांच्यात वाटाघाटी झाल्या. मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला. टिपूचा अर्धा मुलूख गेला, ३ कोटी ३० लाख रुपये खंडणी ठरली आणि दोन मुलगे ओलीस गेले. काढलेला मुलूख तिघांनी वसुलाच्या आकड्यांवर साधारण सारखा वाटून घेतला.

कंपनीचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याने टिपूला पुरते का संपवले नाही? संपवला असता तर मराठ्यांसमोर दक्षिणेत दुसरे वजनच उरले नसते. अर्धा टिपू, निजाम आणि पेशवे एकमेकांना धरून राहावेत आणि कंपनीला मोठा खर्च न करता शांतता मिळावी, असा त्याचा हिशेब होता. इथे समतोल म्हणजे धोरण, आणि त्या धोरणाचे लक्ष्य म्हणजे तिघांची अंदाजे बरोबरी. मुलुखाची वाटणी सारखी ठेवणे हे त्याचे साधन. 'तुला जेवढे मिळाले तेवढे मलाही' या भरपाईच्या तत्त्वाचा हा दक्षिणी नमुना आहे.

पुढे काय बिघडले, ते नीट पाहण्यासारखे आहे. बरोबरी वसुलावर मोजली होती. पण वसूल हा बळाचा फक्त एक घटक. निजामाला मुलूख मिळाला तरी फौज व कारभार तसाच राहिला. कॉर्नवॉलिसने हा समतोल परस्पर हमीच्या तहाने बांधून टाकायचा प्रयत्न केला, पण निजामाकडे चौथाईची मोठी थकबाकी असताना त्याच्या मुलुखाची हमी मराठे का देतील? पुण्याने ते मानले नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवले. तेव्हाचा गव्हर्नर जनरल जॉन शोअर याने निजामाला मदत दिली नाही, तो तटस्थ राहिला. ज्याने तराजू धरायचा त्याने हात काढून घेतला. त्यानंतर निजाम रेमंड या फ्रेंच सरदाराच्या कवायती फौजेवर विसंबला. इकडे ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि पुण्यात गादीचा व कारभाराचा झगडा सुरू झाला. तीन वजनांपैकी दोन आतूनच हलकी होत गेली.

१७९८ मध्ये वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून आला. ऑगस्टमधल्या त्याच्या टिपणाचा आशय असा, की श्रीरंगपट्टणच्या तहाने घालून दिलेला समतोल आता तसा राहिलेला नाही: निजाम दुबळा, पेशवा शिंद्यांच्या दबावाखाली, आणि टिपू फ्रेंचांशी संधान बांधतो आहे. इथे समतोल म्हणजे परिस्थिती, आणि निदान म्हणून ते बरेचसे बरोबर होते. गोम पुढच्या पायरीत आहे. 'समतोल बिघडला' या परिस्थितीच्या वाक्यावरून तो 'समतोल पुन्हा बसवायचा' या धोरणाच्या वाक्यावर आला आणि त्यात समतोलाचा अर्थच बदलून गेला. १ सप्टेंबर १७९८ ला निजामाशी तैनाती फौजेचा, म्हणजे कंपनीची फौज त्याच्या खर्चाने त्याच्याकडे ठेवण्याचा, तह झाला आणि ऑक्टोबरात त्याची फ्रेंच कवायती फौज मोडली गेली. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडले. १८०० मध्ये तैनाती फौजेच्या खर्चापोटी निजामाने १७९२ आणि १७९९ च्या युद्धांत मिळवलेला मुलूख कंपनीला देऊन टाकला. बल्लारी, कडप्पा हा तोच प्रदेश. एकेकाळी समतोलासाठी निजामाच्या पारड्यात टाकलेले वजन आठ वर्षांत कंपनीच्या पारड्यात गेले. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवा दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचे किमान ६,००० पायदळ आणि त्यासाठी २६ लाखांचा मुलूख मान्य केला, आणि निजामावरच्या आपल्या दाव्यांत कंपनीचा निवाडाही पत्करला.

म्हणजे दहा वर्षांत तोच शब्द बरोबरीपासून वरचष्म्यापर्यंत गेला. वेलस्ली मनातून खोटे बोलत होता की त्याला खरेच तसे वाटत होते, या वादात शिरण्याचे कारण नाही. मजकुरावर बोट ठेवून सरकण्याची जागा दाखवता येते, आणि तेवढे पुरेसे आहे.

याच प्रसंगातून 'आपोआप' या अर्थाचीही परीक्षा होते. नियम खरोखर आपोआप चालत असता तर वाढत्या कंपनीविरुद्ध बाकीचे एकत्र आले असते. १७८० मध्ये ते एकदा आलेही होते: पेशवे, टिपूचा बाप हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले. पण कंपनीने निजामाला गुंटूर परत देऊन थंड केले. भोसल्यांची फौज कटकापर्यंत आली खरी, ती पैसे देऊन थोपवली. उरले पुणे आणि हैदर. समतोलासाठी युती बांधताना नेमके इथेच बिनसते. प्रत्येकाला वाटते की ओझे दुसऱ्याने उचलावे. दूरच्या मोठ्या धोक्यापेक्षा शेजारचा जुना वैरी जवळचा वाटतो, कारण चौथाईची थकबाकी आजची असते आणि कंपनीचे राज्य उद्याचे. आणि युतीतला सर्वांत कच्चा गडी स्वस्तात फोडता येतो. २५ ऑक्टोबर १८०२ च्या हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेला हरवले, तेव्हा बाजीरावाने सर्वांत बलवान सत्तेला विरोध करण्याऐवजी तिच्याच आश्रयाला जाणे पसंत केले. समोर लगेच गळ्याशी आलेला धोका असला की दुबळी सत्ता बहुतेक वेळा असेच करते. व्यवस्थेचा सिद्धांत मांडणाऱ्याला या वागणुकीचे उत्तर द्यावे लागते.

समतोलाचा अर्थ शांतता किंवा सर्वांचे स्वातंत्र्य असाही घेतला जातो. त्याला पोलंडचे उदाहरण पुरे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्या झाल्या. पहिल्या आणि शेवटच्या फाळणीत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया तिघे होते, मधलीत ऑस्ट्रिया नव्हता. एकाला मुलूख मिळाला तर दुसऱ्यालाही तोलामोलाचा मिळावा, हे तत्त्व पाळता पाळता पोलंड नकाशावरून नाहीसा झाला. तिघांमधला समतोल राखला गेला आणि ज्याच्या अंगावर तो तोलला तो देश मेला. १८१४-१५ मध्ये, नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची नवी वाटणी करायला भरलेल्या व्हिएन्नाच्या परिषदेत तर लोकसंख्या मोजण्यासाठी वेगळी समितीच बसवली होती. किती 'आत्मे' कुणाकडे गेले याचा हिशेब ती करत असे. सॅक्सनीच्या वाटपावरून गोष्टी इतक्या ताणल्या की ३ जानेवारी १८१५ ला ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि नुकत्याच हरलेल्या फ्रान्सने प्रशिया-रशियाविरुद्ध गुप्त तह केला. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जानेवारी १९१७ मध्ये सत्तेच्या समतोलाऐवजी सत्तेचा समुदाय हवा, असे म्हटले. त्याच वाक्यात संघटित चढाओढीऐवजी संघटित शांतता हवी असेही होते, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर समतोल होता तो राष्ट्रांच्या चढाओढीचा. म्हणून विल्सन यांचे वाक्य बरोबरीच्या अर्थाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही.

मोजण्याचा प्रश्न विसाव्या शतकात अधिकच अवघड झाला. क्युबात सोव्हिएत संघाने आणलेल्या क्षेपणास्त्रांबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी डिसेंबर १९६२ मध्ये म्हणाले, की त्यांनी सत्तासमतोल राजकीयदृष्ट्या बदलला असता, निदान तसे दिसले असते, आणि दिसणे हाही वास्तवाचाच भाग असतो. काटा कुठे आहे याबरोबरच बाजारात उभ्या असलेल्यांना तो कुठे दिसतो, हेही त्यात आले. त्या क्षेपणास्त्रांनी प्रत्यक्ष मारक बळ किती वाढले असते, या वादापेक्षा हे वेगळे माप आहे. उत्तरात दोन्ही मापे एकत्र मिसळू नयेत.

आता प्रत्यक्ष वाचताना काय करायचे ते सांगतो. समोरच्या उताऱ्यात 'सत्तासमतोल' जिथे जिथे आला आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. प्रत्येक जागी आळीपाळीने चार पर्याय बसवून पाहा: 'बळाची वाटणी', 'बळाची बरोबरी', 'वरचष्मा', 'कुणालाही डोईजड होऊ न देण्याचे धोरण'. जो बसल्यावर वाक्य अडखळत नाही तो तिथला अर्थ. एकही बसत नसेल आणि कर्ताही सापडत नसेल, तर लेखक आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेबद्दल बोलतो आहे. दोन बसत असतील तर तीच जागा संशयाची, तिथे थांबा. मग तीन गोष्टी समासात लिहा: कोण कोणाविरुद्ध, कोणत्या प्रदेशात, आणि कशाने मोजून, म्हणजे फौज, वसूल, लोकसंख्या, आरमार की अण्वस्त्रे. तारीख असेल तर तीही. 'आशियातला सत्तासमतोल झुकला' या वाक्याला हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा एकाचेही उत्तर मिळत नाही. म्हणजे ते वाक्य 'एक देश वाढतो आहे आणि लिहिणाऱ्याला ते खुपते आहे' यापलीकडे फार काही सांगत नाही.

उत्तर लिहिताना व्याख्यांची यादी देण्यापेक्षा पहिल्या दोन ओळींत आपण कोणता अर्थ धरतो ते सांगा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. अर्थ बदलायचा असेल तर उघडपणे सांगून बदला: 'इथवर परिस्थितीबद्दल, आता धोरणाबद्दल.' सर्वांत जास्त गुण जातात ते 'समतोल ही व्यवस्था आहे' असे सुरुवातीला लिहून शेवटी 'भारताने समतोल साधावा' असे संपवणाऱ्यांचे. मधला दुवा, म्हणजे व्यवस्था चालण्यासाठी कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो का, यावर त्यांनी एक शब्दही लिहिलेला नसतो.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट उरते. इंग्रजीत एकच शब्द आहे म्हणून मराठीतही सगळीकडे 'सत्तासमतोल' लिहायलाच हवे असे नाही. परिस्थितीचे वर्णन असेल तिथे आपल्याकडे 'बलाबल' हा चांगला, रुळलेला शब्द आहे. बळ आणि अबळ दोन्ही त्यात येतात आणि तो बरोबरीचा दावा करत नाही. खरोखर बरोबरी असेल तिथे 'समतोल' ठेवा. एकाचे बळ जास्त असेल तिथे 'वरचष्मा' किंवा 'पारडे जड'. धोरण असेल तिथे 'समतोल राखणे' असे क्रियापदासह लिहा, नुसते नाम सोडू नका. मूळ लेखकाने मुद्दाम संदिग्ध ठेवले असेल, २००२ च्या त्या अमेरिकी दस्तऐवजासारखे, तर मात्र 'समतोल'च ठेवा. तिथे 'वरचष्मा' लिहिणे म्हणजे लेखकाने जे उघड म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालणे होईल. ते म्हणायचे असेल तर खाली तळटीप देऊन आपल्या नावावर म्हणावे.